पब्लिक हेल्थमध्ये पीएचडी करू की डीआरपीएच? बीडीएस, एमपीएच झालंय, नाशिक सोडता येत नाही

गोदाकाठची:
नमस्कार मंडळी. मी बीडीएस म्हणजे दातांची डॉक्टर, मग एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स) केलं आणि गेली सहा वर्षं पेठ-सुरगाणा भागात एका संस्थेसोबत बाळंतीण आणि नवजात बाळांच्या कामात आहे. वय ३३, मुलगी चार वर्षांची, नवऱ्याची नोकरी सातपूरला, त्यामुळे घर हलवणं अवघड.

वर्षभर एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. आशाताई बाळाला घरी बघायला जातात ना, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, त्यातल्या पहिल्या दोन-तीन भेटी नीट होतात आणि मग बाळच गावात नसतं. आई माहेरी बाळंत झालेली असते ती सासरी गेलेली, नाहीतर अख्खं घर निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेत कामाला. तिकडच्या आशाच्या यादीत ते बाळ नाही आणि इकडे नावापुढे 'स्थलांतरित' असा शेरा. मग त्याचं वजन कोण करतं, आजारी पडलं तर कुठे नेतात, हे मला नीट शोधायचंय. म्हणून डॉक्टरेट. पण पीएचडी की परदेशातली डीआरपीएच, म्हणजे डॉक्टर ऑफ पब्लिक हेल्थ? नोकरी सांभाळून होतं का? आणि घरचे म्हणतात की पीएचडी झाली की मेडिकल कॉलेजात शिकवता येईल, ते खरंय का?

देवनार_लोकल:
ताई, तुमचा प्रश्न वाचून खरंच बरं वाटलं, कारण बहुतेक जण 'कुठली युनिव्हर्सिटी चांगली' इथून सुरुवात करतात आणि विषय नंतर शोधत बसतात. मी मुंबईत पीएचडी करतोय, तिसरं वर्ष.

मुंबईत टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) आणि आयआयपीएस (लोकसंख्या अभ्यासाची संस्था), दोन्ही देवनारलाच, पण स्वभाव एकदम वेगळा. आयआयपीएस म्हणजे लोकसंख्याशास्त्र, एनएफएचएस, म्हणजे देशभरातल्या कुटुंबांच्या आरोग्याचा सर्व्हे, तेच करतात, मोठा डेटा आणि आकडेमोड आवडत असेल तर उत्तम. टिसला हेल्थ सिस्टिम, समाज, धोरण असं जास्त. तुमचं काम लोकांशी बोलून करायचं आहे असं वाटतंय, मग टिस किंवा दिल्लीत जेएनयूचं सोशल मेडिसिन सेंटर बघा. एपिडेमिओलॉजी (आजार कुणाला, किती, का होतात याचं शास्त्र) पक्की करायची तर त्रिवेंद्रमचं अच्युता मेनन सेंटर. पुण्यात विद्यापीठाचं हेल्थ सायन्सेसचं स्कूल आहे, तुम्हाला अंतराने तेच सोयीचं.

एन्ट्रन्सचं म्हणाल तर २०२४ पासून बऱ्याच ठिकाणी यूजीसीच्या नेट परीक्षेचा स्कोअर पीएचडी प्रवेशाला चालतो. नेटमध्ये 'सोशल मेडिसिन अँड कम्युनिटी हेल्थ' असा विषयच आहे, तोच घ्या. नेटमधून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, मिळाली तर महिन्याला ३७,००० आणि दोन वर्षांनी ४२,०००, पण मग फुलटाइम करावं लागतं, पगार आणि फेलोशिप दोन्ही नाही. शिवाय बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप आहेत, ज्या गटात बसता त्याप्रमाणे चौकशी करा.

पार्टटाइम चालतं, यूजीसीच्या २०२२ च्या नियमात आहे, फक्त संस्थेकडून एनओसी लागते आणि कोर्सवर्क चुकत नाही. ऑनलाइन किंवा डिस्टन्स पीएचडी मात्र अजिबात नको, ती ग्राह्य धरत नाहीत, कोणी कितीही गोड बोललं तरी पैसे भरू नका. मुदत सहा वर्षं, बायकांना दोन वर्षं जास्त मिळतात, २४० दिवसांची मॅटर्निटी-चाइल्डकेअर रजा वेगळी.

आणि एक कळकळीने सांगतो, गाइड आधी भेटा. नुसता ईमेल नाही, प्रत्यक्ष जा, त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांशी चहा घेत बोला. माझ्या एका मैत्रिणीची दोन वर्षं गेली फक्त गाइडचा विषय आणि तिचा विषय जुळत नव्हता म्हणून.

मेरीलँडची_मावशी:
डीआरपीएचबद्दल सांगते, माझी भाची करतेय आणि मी स्वतः इथे हेल्थ डिपार्टमेंटमध्ये आहे. पीएचडी म्हणजे नवीन ज्ञान शोधणं, शिकवणं. डीआरपीएच म्हणजे कार्यक्रम चालवणारी, विभाग सांभाळणारी, धोरण ठरवणारी माणसं तयार करणं. जॉन्स हॉपकिन्सची पार्टटाइम, बरीचशी ऑनलाइन आहे, हार्वर्डची तीन वर्षांची फुलटाइम, लंडन स्कूलमध्येही आहे, तिथे थीसिसच्या आधी एका संस्थेच्या कामकाजाचा किंवा धोरणाचा अभ्यास करायला लावतात. सगळं चांगलं आहे, पण पैसे! अमेरिकेत पीएचडीला साधारणपणे फी माफ होऊन स्टायपेंड मिळतो, डीआरपीएचला बरेचदा स्वतःच भरावे लागतात. तुझा प्रश्न संशोधनाचा आहे गं, तू कार्यक्रमाची डायरेक्टर व्हायला निघालेली नाहीस, त्यामुळे मला तरी पीएचडीच योग्य वाटते. स्वीडनसारख्या देशात पीएचडी ही पगारी नोकरी असते, पण मुलगी लहान आहे तर ते आत्ता नको.

पीएसएमवाला:
मेडिकल कॉलेजचं स्पष्ट सांगतो, मी कम्युनिटी मेडिसिनलाच शिकवतो. आमच्या विभागात असिस्टंट प्रोफेसर व्हायला एमडी किंवा तिच्या बरोबरीची डीएनबी लागते आणि ती फक्त एमबीबीएसनंतर. पीएचडीने ते दार उघडत नाही. घरच्यांना आत्ताच सांगून टाका. एमपीएच शिकवणाऱ्या संस्था, रिसर्च सेंटर, मोठ्या स्वयंसेवी संस्था, तिथे मात्र पीएचडीला किंमत आहे.

बाकी विषयाबद्दल. तुम्ही ज्या भेटी मोजताय त्या मुळात गडचिरोलीतून आल्या. तिथे हे काम उभं करणारे डॉ. अभय आणि राणी बंग दोघंही हॉपकिन्सचे एमपीएच. १९९९ ला लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये त्यांचा पेपर आला, गावातल्याच बाईला शिकवून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेतली तर तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी, आणि २०११ ला ते देशभर सरकारी कार्यक्रमात आलं. पण ती पद्धत धरून चालते की बाळ गावातच आहे. तुम्ही नेमकं तेच गृहीतक तपासताय. सहा वर्षांच्या रजिस्टरमधल्या 'स्थलांतरित' शेऱ्यांची आत्ताच मोजदाद करून ठेवा, म्हणजे संस्थेची परवानगी घेऊन, नावं काढून. ते दोन पानी टिपण हातात असेल तर गाइड तुमच्याशी वेगळं बोलेल.

गोदाकाठची:
सगळ्यांचे खूप आभार, मावशी तुमचे पण. शेऱ्यांची मोजदाद करायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, उद्याच सरांना परवानगी विचारते. पुण्याला आणि देवनारला एक-एक चक्कर मारते, मुलीला आईकडे ठेवून. देवनार_लोकल, टिसला गेले तर तुमच्याशी भेट होईल का? आणि नेटच्या त्या विषयाचे जुने पेपर असतील तर प्लीज सांगा.

देवनार_लोकल:
नक्की या, स्टेशनला घ्यायला येतो. पेपर आहेत, मेसेज करा.