चित्र बघायचं की चित्रकाराचा घाम?

रंकाळाकर:
कोल्हापुरात शाहू स्मारकच्या दालनात काल एका चित्रकाराचं प्रदर्शन बघितलं. चित्रं सातच. बाकी भिंतीवर रंगानं कडक झालेल्या चिंध्या, बरण्यांत खरवडलेल्या रंगाच्या खपल्या आणि टेबलावर एक दोनशेपानी वही. "सकाळी ९ ते १. डावा कोपरा पुसला." पुढच्या पानावर परत तेच. असं अकरा दिवस! आधी हसू आलं, मग वैताग. गूळ घ्यायला आलेल्याला काहिलीतल्या उकळत्या रसावरची मळी कशाला दाखवायची? आपले कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान १९३१ मध्ये गेले. त्यांनी किती कागद वाया घालवले ते कुणी विचारत नाही, निसर्गचित्रं मात्र अजून बघतो. चित्र जमलं नसलं की वही पुढं येते, असा माझा संशय.

बोर्डवाल्याची लेक:
मळी बघितलेला माणूस गुळाला घासाघीस कमी करतो, दादा. माझे वडील दुकानांचे बोर्ड रंगवायचे. दर फुटावर. जुना रंग खरवडायचा, पॉलिश पेपर मारायचा, प्रायमरचे दोन हात द्यायचे, खडूच्या दोरीनं रेघा पाडायच्या. यातलं काहीच फुटात बसायचं नाही. गिऱ्हाईक म्हणणार, "चार अक्षरं तर आहेत!" त्या वहीपाशी मी बराच वेळ उभी होते.

रंकाळाकर:
ताई, वडिलांचं शंभर टक्के मान्य. पण तो मजुरीचा प्रश्न झाला. इथं खपल्यांच्या बरणीलाही किंमत लावलीय.

पेठेतला:
लावू दे की! २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्रादा या इटालियन फॅशन कंपनीनं कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, तेव्हा कारागिराचं नाव कुठाय म्हणून आपण सगळेच पेटलो होतो. चित्रकारानं स्वतःचे कष्ट मांडले की लगेच मळी?

टर्पेंटाइन:
मी चित्रकला शिकतोय. तिसऱ्या चित्राचा डावा कोपरा जवळून बघा, बारीक भेगा आहेत. तेलरंगात खालचा थर कमी तेलाचा आणि वरचा जास्त तेलाचा लागतो. उलट झालं की वरचा आधी सुकतो, खालचा हलत राहतो आणि तडे जातात. वहीत बाराव्या दिवशी दोनच शब्द आहेत, "घाई केली." वर्गात हे इतकं उघड कुणी सांगत नाही. चिंध्या मात्र निव्वळ सजावट. त्या जागी कच्ची रेखाटनं लावली असती तर आम्हाला उपयोग झाला असता.

बोर्डवाल्याची लेक:
आणि एक. कॅनव्हास ताणून, अस्तर देऊन कुणी दिले? वहीत चार ठिकाणी नुसतं "पोरगा आला होता." कष्टांचं प्रदर्शन, आणि त्याचं नाव नाही.

पेठेतला:
आयला, हे लक्षातच आलं नव्हतं. आता प्रादाचं उदाहरण माझ्यावरच उलटलं.

रंकाळाकर:
मी तर कोपऱ्याच्या पुढं वाचलंच नाही. रविवारपर्यंत आहे, परत जातो. त्या पोराचं नाव विचारतो तिथं. बरणीबद्दल मत तेच.