इंटरनेटची वायर घरात नसताना वायफाय राउटर कसा सुरू करावा?

प्रश्न – वाडीकर

नमस्कार. गुहागर तालुक्यातील आमच्या गावच्या घरी आई-वडील राहतात. फायबरची केबल वाडीतल्या काकांच्या घरापर्यंत आलेली आहे, परंतु मधल्या परड्यात खांब नसल्यामुळे ती आमच्या घरापर्यंत सध्या तरी येणार नाही. काकांनी त्यांचे वायफाय वापरण्यास मोकळ्या मनाने संमती दिली आहे. त्याचा सिग्नल आमच्या ओटीवर बऱ्यापैकी मिळतो, मात्र जांभ्याच्या जाड भिंतींमुळे माजघरात तो अजिबात पोहोचत नाही. म्हणून मी एक साधा, एकाच बँडचा राउटर विकत घेतला. त्याच्या माहितीपत्रकातील पहिली सूचना इंटरनेटची वायर जोडण्याची आणि दुसरी लॅपटॉपला लॅन केबल जोडण्याची आहे. आमच्याकडे इंटरनेटची वायर नाही आणि माझ्या लॅपटॉपला लॅन पोर्टच नाही. अशा स्थितीत हा राउटर उपयोगात आणता येईल का?

उत्तर – तांत्रिकमित्र

येईल. मात्र तुमच्या प्रश्नात दोन वेगवेगळ्या वायरी आहेत, त्यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल.

लॅपटॉपची वायर मुळात आवश्यकच नाही. राउटरला वीज दिली की तो स्वतःचे वायफाय सुरू करतो आणि त्याचे नाव व पासवर्ड बहुधा राउटरच्या तळाशी असलेल्या लेबलवर छापलेले असतात. मोबाइल त्या वायफायला जोडा आणि त्याआधी मोबाइल डेटा बंद करा. या वायफायला अजून इंटरनेट नसल्यामुळे अनेक फोन आपोआप मोबाइल डेटाकडे वळतात, राउटरचे पान उघडत नाही आणि राउटरच बिघडला आहे असा समज होतो. त्यानंतर ब्राउझरमध्ये लेबलवरचा पत्ता टाका. तो साधारणपणे १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो.

इंटरनेटच्या वायरीची जागा काकांचे वायफाय घेऊ शकते. ‘ऑपरेशन मोड’ या पर्यायात ‘डब्ल्यूआयएसपी’ किंवा ‘रिपीटर’ आहे का ते पाहा. रिपीटरमध्ये तुमची उपकरणे काकांच्याच जाळ्यात सामील होतात आणि त्यांना पत्ते (जाळ्यातल्या प्रत्येक उपकरणाची ओळख असलेले आकडे) काकांचा राउटर देतो. डब्ल्यूआयएसपीमध्ये तुमचा राउटर काकांच्या वायफायला एखाद्या ग्राहकासारखा जोडला जातो व तुमच्या घराचे जाळे वेगळे ठेवतो. दोन कुटुंबांचा प्रश्न असल्यामुळे मी डब्ल्यूआयएसपीच सुचवेन. त्यातही काकांच्या राउटरवर ‘गेस्ट नेटवर्क’ची (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायची) सोय असेल, तर त्यालाच जोडावे, म्हणजे त्यांची उपकरणे तुमच्याकडून दिसणार नाहीत.

एक अडचण अनेकदा येते. दोन्ही राउटरांची पत्त्यांची मालिका एकच असेल, म्हणजे दोघेही १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते वाटत असतील, तर जोडणी झालेली दिसते पण इंटरनेट चालत नाही. त्यामुळे आधी तुमच्या राउटरचा लॅन पत्ता (ज्यावर त्याचे पान उघडते तो) १९२.१६८.५०.१ असा बदलून घ्या. बदल जतन केल्यावर राउटर पुन्हा सुरू होईल, फोनची जोडणी तुटेल आणि ते पान यापुढे नव्या पत्त्यावरच उघडेल.

उत्तर – परसबाग

वरील उत्तराशी सहमत आहे, पण राउटर ठेवायचा कुठे, हा माझ्या मते अधिक महत्त्वाचा मुद्दा आहे. सिग्नल माजघरात हवा म्हणून राउटर माजघरात ठेवणे चुकीचे ठरेल, कारण तिथे काकांचा सिग्नलच नाही आणि जो सिग्नल राउटरला मिळत नाही तो तो पुढे देऊ शकत नाही. काकांच्या घराकडे तोंड असलेल्या खिडकीत किंवा ओटी आणि माजघर यांच्यामधल्या दारापाशी, उंचावर तो ठेवून पाहावा. ओल्या भिंतीतून सिग्नल आणखी कमी होतो. म्हणून जागेची अंतिम निवड शक्यतो पावसाळ्यात पारखून घ्यावी.

तुमचा राउटर एकाच बँडचा, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचा आहे. तो काकांशी आणि तुमच्या फोनशी आळीपाळीने एकाच चॅनेलवर (वायफाय लहरींच्या ठरावीक पट्ट्यावर) बोलेल, त्यामुळे वेग साधारण निम्मा होईल. व्हिडिओ कॉलसाठी तो बहुधा पुरेल. चॅनेल तुमच्या राउटरवर बदलण्यात अर्थ नाही, कारण तो काकांच्या चॅनेलमागेच जातो. म्हणून काकांच्या राउटरवर ‘ऑटो’ऐवजी १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचा चॅनेल कायम करून घ्यावा.

वाडीकर

दोघांचेही मनापासून आभार. माझ्या राउटरमध्ये डब्ल्यूआयएसपीचा पर्याय आहे. वीज गेल्यावर काकांचे वायफाय बंद पडते. अशा वेळी याच राउटरला मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून इंटरनेट देता येईल का?

उत्तर – तांत्रिकमित्र

तुमच्या राउटरला वीज असेल तर देता येईल, डब्ल्यूआयएसपीच्या यादीत काकांच्या वायफायऐवजी हॉटस्पॉट निवडायचा. फोनचा हॉटस्पॉट मात्र २.४ गिगाहर्ट्झवर असायला हवा, नाहीतर तुमच्या राउटरला तो दिसणारच नाही. आयफोन असेल तर त्यासाठी ‘मॅक्सिमाइज कंपॅटिबिलिटी’ चालू करावे लागते. तरीही हा उपाय तात्पुरताच समजावा, कारण फोन बाहेर गेला की इंटरनेटही जाते आणि दर वेळी जोडणी बदलण्याचे काम आई-वडिलांवर पडते. त्यापेक्षा राउटरसाठी मिळणारा छोटा डीसी यूपीएस (वीज गेल्यावर राउटर चालू ठेवणारा बॅटरीचा डबा) काकांकडे एक आणि तुमच्याकडे एक असा बसवावा. तो घेताना अॅडॉप्टरवर लिहिलेले व्होल्टेज आणि अँपिअर जुळवून पाहा. सगळे राउटर १२ व्होल्टचे नसतात. काकांच्या फायबरचा मोडेम वेगळा असेल, तर त्यालाही वीज लागेल हे विसरू नका.

ओटीवर मोबाइलची रेंज चांगली असेल, तर सिम टाकायचा ४जी राउटर हा दुसरा मार्ग आहे. त्यात काकांच्या वायफायवर अवलंबून राहावे लागत नाही, पण दर महिन्याचा रिचार्ज आणि डेटाची मर्यादा सांभाळावी लागते. म्हणून मी आधी विकत घेतलेला राउटरच वापरून पाहीन.

शेवटी, जोडणी झाल्यावर लेबलवरचे दोन्ही पासवर्ड, वायफायचा आणि सेटिंगच्या पानाचा, बदलून घ्या, वायफायच्या सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडा आणि डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटणाने किंवा पिनने जोडण्याची सोय) बंद करा. नवे पासवर्ड घरातल्या वहीत लिहून ठेवा. काकांनी त्यांच्या वायफायचा पासवर्ड बदलला तर तुमच्या राउटरमध्येही तो बदलावा लागेल, हे त्यांना आधीच सांगून ठेवलेले बरे.