कंपाउंडपेक्षा पॅडवर खर्च करा
दादा, दहा वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या लाल गाडीला स्वस्तातलं कुठलं कंपाउंड (रंग घासून चमकवायची पेस्ट) घ्यावं, असं विचारलंत. कंपाउंड मध्यमच घ्या, पैसे पॉलिशिंग मशीनला लावायच्या फोम पॅडवर घाला. निदान चार तरी हवेत. मेलेला रंग पॅडमध्ये भरला की तो नुसता घासत बसतो. दांडिया बाजारात आमच्या वाड्यात काकांची लाल गाडी केली, तेव्हा दुसऱ्याच पॅनलला पॅड गुलाबी, चिकट झाला होता. असा रंग पॅडवर उतरला म्हणजे वर क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) नाही, तिथे हात हलका ठेवा. कडांना मास्किंग टेप लावाच, रंग तिथे पातळ असतो. आणि बडोद्याच्या उन्हात तापलेल्या बॉनेटवर मशीन फिरवू नका, कंपाउंड वाळून बसतं. पुसायला मायक्रोफायबरच, जुनं बनियन अजिबात नको.