जवसाचं तेल महिन्याभरात कडू झालं, भेसळ असेल का?

प्रश्न:
लाकडी घाण्याचं जवस तेल, १ लिटर, पांढऱ्या प्लास्टिकच्या बाटलीत गॅसशेजारी ठेवलं होतं. आता कडू लागतंय. फोडणी दिली की मासळीसारखा वास येतो. रोज किती खावं, तेही सांगा.

उत्तर १:
भेसळ नाही, तेल खवट झालंय. यात निम्म्याहून जास्त अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे वनस्पतीतलं ओमेगा-३ असतं. हवा लागली की तेच आधी बिघडतं. उजेड आणि शेगडीची ऊब त्यात भर घालतात. मासळीसारखा वास ही त्याचीच खूण. फोडणीला तर हे तेल वापरूच नका: साधारण १०७ अंशांनाच धुरावतं, मोहरी तडतडायच्या कितीतरी आधी.

पुढच्या वेळी २०० मिलीच घ्या. गडद काचेची बाटली गळ्यापर्यंत भरून फ्रिजमध्ये ठेवा, उघडल्यावर सहा आठवड्यांत संपवा. तळाशी थोडा गाळ चालतो. पण फ्रिजमध्ये पार थिजलं, तर मात्र पाम तेलासारखं काही मिसळल्याची शंका घ्या.

उत्तर २:
रोज १ छोटा चमचा (५ मिली) पुरे. त्यात सुमारे २.४ ग्रॅम ओमेगा-३ मिळतं. पुरुषाला दिवसाला १.६ आणि बाईला १.१ ग्रॅम लागतं. ताटात वाढल्यावर वरून घ्या. ठेच्यात किंवा कोरड्या चटणीत कालवून ज्वारीच्या भाकरीबरोबर फार छान लागतं. मात्र मासळीतल्या ओमेगा-३ची जागा हे घेत नाही, कारण शरीर यातला थोडाच भाग त्या रूपात बदलतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्नकर्ता:
पोट साफ व्हायलाही घ्यायचं होतं.

उत्तर २:
मग जवसच खा. चोथा बियांत असतो, तेलात नाही. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, लसूण-तिखट-मीठ घालून कुटा. अख्खे दाणे न पचताच बाहेर पडतात. पाणी मात्र भरपूर प्या.

उत्तर ३:
हार्डवेअरच्या दुकानातलं ‘बॉइल्ड’ अळशीचं तेल खाऊ नका, अंगालाही लावू नका. ते लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंची संयुगं घातलेली असतात. तुमचं खवट तेल क्रिकेटच्या बॅटला किंवा खुरप्याच्या दांड्याला पातळ चोळता येईल. पुसलेलं फडकं चुरगाळून टाकू नका. वाळताना त्यात उष्णता साठते आणि ते आपोआप पेटू शकतं. पाण्यात भिजवा, नाहीतर उघड्यावर पसरून वाळवा.