युद्धकथेत वाचलेल्यांना जागा का नाही?

रानजाई:
परवा माझ्या तेरा वर्षांच्या भाच्यानं रेझांग लाची गोष्ट वाचून संपवली आणि थेट स्वयंपाकघरात आला. "मावशी, ११४ जण गेले. मग बाकीचे पळाले का?"

कणकेत हात तसाच राहिला माझा. पोरगा वाह्यात नाही. गोष्टच अशी लिहिलेली की जिवंत राहिलेल्याला तिच्यात उभं राहायला जागा नाही.

१८ नोव्हेंबर १९६२, चीनशी युद्ध, लडाखमध्ये चुशूलजवळची खिंड, १३ कुमाऊंची चार्ली कंपनी, मेजर शैतान सिंग. मधे डोंगर आडवा असल्यानं आपल्या तोफांची मदत मिळणार नव्हती, तरी जागा सोडली नाही. एवढं पुस्तकात होतं. नव्हतं ते असं, की जे मोजके जण परत आले त्यांच्या सांगण्यावर आधी कुणी विश्वासच ठेवला नाही. फेब्रुवारी १९६३ मध्ये बर्फात गोठलेले देह सापडले, हातात हत्यारं तशीच, जखमींना बघणाऱ्याच्या हातात सिरिंज. तेव्हा कुठे पटलं. जिवंत माणसाच्या शब्दाला मेलेल्यांची साक्ष लागली!

सरहद्दीच्या गोष्टी कुठल्याही देशाच्या घ्या. अमेरिकेत १८४६ च्या हिवाळ्यात सिएरा नेवाडाच्या बर्फात डॉनर काफिला, म्हणजे पश्चिमेकडे वस्ती करायला निघालेली कुटुंबं, अडकली. ८७ माणसं, त्यातली जवळजवळ निम्मी गेली, आणि मागे राहिलेल्यांतल्या काहींनी मेलेल्यांचं मांस खाऊन दिवस काढले. पुढे त्यांना काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल! जो मेला तो वीर, जो वाचला त्यानं खुलासा द्यायचा. मला हे मान्य नाही. तुम्हाला काय वाटतं?

सातारकर_कुलाबा:
ताई, तुमची पोटतिडीक कळते, पण मी तुमच्या विरुद्ध बाजूला आहे.

आजोबा फौजेत, वडील नौदलात. आमच्या घरात लढाई ही गोष्ट नव्हती, पगार आणि तार होती. म्हणून सांगतो, लढण्याचा भाग मागे सारून नुसते हाल पुढे आणलेत तर सैनिक बिचारा होतो. तो बिचारा नसतो. ९ डिसेंबर १९७१ ला दीवच्या समुद्रात पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीनं आपली खुकरी ही युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांना जहाज सोडता आलं असतं. स्वतःचं लाइफ जॅकेट दुसऱ्याला देऊन ते जहाजावरच थांबले. हे मरण त्यांनी स्वतः निवडलं. तेरा वर्षांच्या मुलाला आधी हे कळू दे, की माणूस असं का करतो. वाचलेल्यांचं दुःख समजायला पुढे अख्खं आयुष्य आहे.

पानसुपारी:
सातारकरांना +१. आणि माणूस माणसाला खातो वगैरे मुलांच्या हाती कशाला द्यायचं?

मुलुंडचा_नागपूरकर:
तुम्ही दोघंही एक गोष्ट गृहीत धरताय, की आपण कायम सोसणाऱ्यांच्या नाहीतर लढणाऱ्यांच्या बाजूला. तिसरी बाजूही आपलीच आहे.

माझी बायको बंगाली. लेक दोन महिन्यांची असताना रात्री तिला मांडीवर घेऊन एक अंगाई म्हणायची. चाल फार गोड. एकदा अर्थ विचारला. पोर झोपलं, वस्ती निजली, बर्गी आले, पाखरांनी भात खाल्ला, आता सारा कशानं भरू. बर्गी म्हणजे कोण, हे तिनं मला सांगायच्या आधीच माझ्या लक्षात आलं होतं. बारगीर. सरकारी घोड्यावरचा आपला शिपाई. १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा वर्षामागून वर्ष बंगालवर जात होत्या. १७५१ चा तह झाला, वर्षाला बारा लाख चौथ ठरली, तेव्हा ते थांबलं. आम्ही शाळेत चौथाई शिकलो, आकड्यासकट. ती ज्याच्या कोठारातून निघाली त्या माणसाचं एक वाक्य नव्हतं धड्यात.

लेक मराठी आणि बंगाली दोन्ही बोलते. तिला कुठली गोष्ट सांगू? मी दोन्ही सांगणार आहे. आणि दुसरी सांगताना मला खाली बघावं लागलं तर बघेन.

सातारकर_कुलाबा:
नागपूरकर, लूट झाली हे मी नाकारत नाही. पण स्वारीवर गेलेला बारगीर आणि खिंड राखणारा शिपाई एका पारड्यात घालू नका. रेझांग ला कुणाच्या भातावर चालून गेलेली नव्हती.

रानजाई:
सातारकर दादा, खुकरीबद्दलचा तुमचा एक शब्दही मी खोडणार नाही. पण तुम्ही निवडीचं बोललात आणि मला आजी आठवली. तिला निवडायला वेळच मिळाला नाही.

१४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाला आग लागली. आत सुमारे १४०० टन स्फोटकं, कराचीत भरलेल्या कापसाच्या गाठी, शिवाय सोन्याच्या विटा. चारच्या सुमाराला पहिला स्फोट, अर्ध्या तासात दुसरा. आजी माझगावला चाळीत राहायची. गॅलरीत तांदूळ निवडत बसली होती. आभाळातून पेटता कापूस पडायला लागला. जपान्यांनी बॉम्ब टाकले अशी ओरड झाली आणि सगळी चाळ जिन्याकडे धावली. आजी थेट लालबागला भावाच्या खोलीवर पोचली. वहिनीनं हातातलं सूप काढून घेतलं, तेव्हा तिला कळलं की आपण सूप घेऊन पळालो. तांदळाचा दाणा उरला नव्हता त्यात.

शेजारच्या खोलीत अंथरुणाला खिळलेली एक म्हातारी होती. तिनं मारलेली हाक आजीला ऐकू आली होती. चाळीचा तो भाग जळाला.

अग्निशमन दलाचे ६६ जण त्या दिवशी गेले. त्यांच्यासाठी देशभर १४ एप्रिलपासून सप्ताह पाळतात, पाळायलाच हवा. एका घरात सोन्याची वीट येऊन पडली, ते मुंबईत अजून चवीनं सांगतात. युद्धाचे दिवस, सेन्सॉरशिप कडक, शहराला स्वतःचीच बातमी नीट छापायला काही आठवडे थांबावं लागलं. त्या सगळ्यात सूप घेऊन धावणारी बाई कुठे बसते? ती भित्री होती का? तुम्हीच सांगा.

सातारकर_कुलाबा:
नाही. भित्री नव्हत्या. हे वाचून फोन बाजूला ठेवला होता, म्हणून उशीर झाला.

पण मग मलाही एक सांगू दे. वडिलांचे एक मित्र खुकरीवरून वाचले होते. नेव्ही नगरला आमच्याकडे यायचे. हॉलच्या खिडकीतून समुद्र दिसायचा. काका यायचे असले की आई आधीच खुर्ची फिरवून ठेवायची, खिडकीकडे पाठ होईल अशी. त्याबद्दल घरात कधी कुणी चकार शब्द काढला नाही. मी सहावीत असताना विचारलं, "काका, पाण्यात किती वेळ होतात?" वडिलांनी माझ्यावर हात उगारला, आयुष्यात एकदाच. काका म्हणाले, "असू दे रे." मग मला म्हणाले, "मुल्लासाहेबांचं ऐकायचंय का?" आणि ते सांगितलं, तासभर. स्वतःचं नाही.

तुम्ही म्हणता वाचलेल्याला जागा द्या. काकांना ती नको होती. साहेबांच्या गोष्टीआड उभं राहून ते जगले. त्या आडोशाला तुम्ही खोटेपणा म्हणाल? मला तो काढून घ्यायचा अधिकार वाटत नाही, ना मला, ना कुठल्या लेखकाला.

मुलुंडचा_नागपूरकर:
यावर लगेच काही लिहिणं मला जमणार नाही.

रानजाई:
दादा, हे मी धरलंच नव्हतं. वाचलेल्यांना कुणी विचारत नाही एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आजीलाही मी विचारलं नव्हतं. दहावीत असताना तापानं पडले होते, ती उशाशी तांदूळ निवडत बसली होती आणि आपणहून एकदाच बोलली. पुन्हा विषय काढला तर उठून गेली. म्हणून इथे लिहिण्याआधी आईला विचारलं. आई म्हणाली, "लिही, पण हाकसुद्धा लिही. नुसतं सूप लिहू नकोस."

तरीही भाच्याला काही सांगायचंच नाही, हे मला पटत नाही. "पळाले का" हा प्रश्न घेऊन तो मोठा झाला तर तुमच्या काकांसारखा कुणी उद्या त्याच्यासमोर बसेल आणि हा मनात तेच विचारेल. काल रात्री त्याला आजीचं सगळं सांगितलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्या म्हातारीचं नाव काय होतं?"

आईला फोन केला. तिलाही माहीत नाही.