कर्ज थकलं तर नर्सचं लायसन्स जातं का?

प्रेषक: मेघना (केटी)

नमस्कार मंडळी,

माझ्या नणंदेची मुलगी ह्यूस्टनला एका हॉस्पिटलात आरएन (नोंदणीकृत नर्स) आहे. तिचं कॉलेजचं फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं कर्ज वर्षभर थकलंय आणि आता डिफॉल्टची (कर्ज बुडीत धरल्याची) नोटीस आलीय. पुढच्या महिन्यात तिचा वाढदिवस, म्हणजे लायसन्स रिन्यू करायची मुदतही तेव्हाच. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी टाकलं की कर्ज थकलं तर टेक्ससमध्ये नर्सचं लायसन्स अडवतात, गाडीचंही जातं. पोरीची झोप उडालीय. यात तथ्य किती?

प्रेषक: शरदकाका (शुगरलँड)

मेघना, सही करताना पेन आपल्याच हातात असतं ना? आम्ही आठ डॉलर घेऊन उतरलो, पण कुणाचे पैसे बुडवले नाहीत. अडवलं लायसन्स तर काय चुकलं?

प्रेषक: अनघा (राउंड रॉक)

मेघनाताई, आधी तिला झोपायला सांगा. मी इथल्या एका कम्युनिटी कॉलेजात फायनान्शियल एडचं, म्हणजे विद्यार्थ्यांच्या आर्थिक मदतीचं काम करायचे, त्यामुळे हे प्रकरण जवळून पाहिलंय.

टेक्ससमध्ये तसा कायदा होता. एज्युकेशन कोडचं कलम ५७.४९१. कर्जाची हमी घेणाऱ्या राज्याच्या संस्थेने नाव कळवलं की लायसन्स देणाऱ्या बोर्डाने ते रिन्यू करायचं नाही, अशी सोय. २०१९ च्या जूनमध्ये गव्हर्नर अ‍ॅबट यांनी सेनेट बिल ३७ वर सही केली आणि ते कलम गेलं. तेव्हा तिचं लायसन्स या कारणासाठी अडणार नाही. फी वेळेवर भरायची आणि रिन्यू करून टाकायचं.

व्हॉट्सअ‍ॅपवरचं अगदीच हवेतलं नाही, फक्त शिळं आहे. १९९० च्या सुमाराला कर्जबुडवेपणा फार वाढला होता. १९९० साली हप्ते सुरू झालेल्या तुकडीतले २२ टक्क्यांहून जास्त लोक डिफॉल्टमध्ये गेले. फेडरल शिक्षण खात्यानेच राज्यांना सुचवलं की लायसन्स अडवा. त्या काळी कर्ज बँक द्यायची, हमी राज्यातली संस्था घ्यायची आणि त्या संस्थेच्या मागे फेडरल सरकार उभं. त्यामुळे वसुलीत राज्यांनाही रस होता. २०१७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने शोध घेतला तेव्हा १९ राज्यांत असे कायदे निघाले, आणि त्यांना ८,७०० हून जास्त प्रकरणं सापडली. टेनेसी सगळ्यांत पुढे. २०१२ ते २०१७ मध्ये त्यांनी ५,४०० हून जास्त लोकांची नावं बोर्डांना कळवली. त्या बातमीनंतर बऱ्याच राज्यांनी हे कायदे काढले. पण कुणी दुसऱ्या राज्याच्या लायसन्सवर काम करत असेल तर तिथल्या बोर्डाला विचारा, माझ्या मेलवर जाऊ नका.

काका, फेडू नये असं कुणीच म्हणत नाहीये.

प्रेषक: शरदकाका

मीही ती बातमी शोधून वाचली. लुइझियानाच्या नर्सिंग बोर्डाने एका वर्षात ८७ नर्सना लायसन्स अडेल असं कळवलं, त्यातल्या ८४ जणींनी पैसे भरले. म्हणजे उपाय लागू पडला की!

प्रेषक: अनघा

काका, मुद्दा बरोबर पकडलात. ज्यांच्याकडे नोकरी होती किंवा कुणाकडून उसने मिळत होते, त्यांनी भरले. उरलेल्या तिघींना नर्स म्हणून कामच करता येईना. खरोखर पैसे नव्हते त्या बहुधा त्याच, आणि त्यांच्याकडून आता एक सेंटही येणार नाही. शिवाय हे सगळं कोर्टात न जाता, एका यादीवर. आजारपणामुळे हप्ते चुकलेली आणि मुद्दाम न भरणारी, यादीत दोघी सारख्याच.

आणि लायसन्स वाचलं म्हणजे सुटली असं नाही. फेडरल कर्ज २७० दिवस थकलं की डिफॉल्ट. मग सरकार कोर्टात न जाता पगाराच्या १५ टक्क्यांपर्यंत कापू शकतं, टॅक्स रिफंडही अडवू शकतं. करोनापासून थांबलेली ही सक्तीची वसुली ५ मे २०२५ ला पुन्हा सुरू झाली होती, पण २०२६ च्या जानेवारीत खात्याने ती परत पुढे ढकलली. टेक्ससमध्ये क्रेडिट कार्डवाला तुमच्या पगाराला हात लावू शकत नाही, राज्यघटनेतच तशी तरतूद आहे. लोकांना वाटतं हेही तसंच. फेडरल कर्जापुढे ती तरतूद चालत नाही.

मेघनाताई, तिला 'रिहॅबिलिटेशन' मागायला सांगा. १० महिन्यांत ९ हप्ते वेळेवर भरायचे, हप्ता मिळकतीवरून ठरतो. पुरं झालं की क्रेडिट रिपोर्टवरची डिफॉल्टची नोंद निघते. कन्सॉलिडेशन, म्हणजे जुनी कर्जं मिळून एक नवं कर्ज, लवकर होतं, पण ती नोंद राहते. दोन्हीला फी नाही. 'तुमचं कर्ज माफ करून देतो' म्हणणाऱ्यांना दमडी देऊ नका.

प्रेषक: प्रसाद (प्लेनो)

गाडीच्या लायसन्सचं मूळ साउथ डकोटात असावं, मी तिकडे होतो. २०१५ मध्ये त्यांनी राज्याची थकबाकी वसूल करायला वेगळं कार्यालय काढलं. सरकारी विद्यापीठाचे पैसे राहिले तरी गाडीचं लायसन्स रिन्यू होईना, शिकारीचं आणि मासेमारीचंही मिळेना. मासेमारीचं दुःख आमच्या मालवणच्या माणसालाच कळेल! पण थट्टा बाजूला. तिकडे गाडीशिवाय कामावर जायचं कसं? उणे वीसमध्ये बसची वाट बघत?

प्रेषक: ओंकार (डॅलस)

मी एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर एमएस करतोय, कर्ज पुण्याच्या बँकेचं आहे. मला यातलं काय लागू?

प्रेषक: अनघा

ओंकार, काहीच नाही. एफ-१ वाल्यांना फेडरल कर्ज मिळतच नाही. पण तुझं थकलं तर बँक सहकर्जदाराकडे, म्हणजे बहुतेक तुझ्या बाबांकडे जाईल. दोघांचा सिबिल स्कोअर पडेल, आणि फ्लॅट तारण असेल तर सरफेसी कायद्याखाली जप्तीची नोटीस येऊ शकते. नोकरीला उशीर होतोय असं दिसलं की हप्ता चुकायच्या आधीच बँकेला लिही.

प्रेषक: मेघना

अनघा, खूप आभार. काल आम्ही बसून तिच्या खात्यात बघितलं, सगळी कर्जं फेडरलच आहेत. रिहॅबिलिटेशनचा अर्ज मागवलाय. एक नवीनच निघालं: 'पॅरेंट प्लस' नावाचं कर्ज, नणंदेच्या नावावर. तेही थकलंय. तिला वाटत होतं ते मुलीच्या हप्त्यांतच भरलं जातंय.

प्रेषक: अनघा

नाही ताई, ते कायद्याने आईचं कर्ज. मुलीने स्वतःच्या कर्जाचे कितीही हप्ते भरले तरी ते सुटत नाही, आणि पगार कापला तर आईचा. त्यासाठी वेगळा अर्ज लागेल आणि फोन नणंदेनेच करायला हवा, मुलीशी कर्जवाले बोलणार नाहीत. मागचा टॅक्स रिटर्न हाताशी ठेवायला सांगा.