कॅन्सर वॉर्डातल्या स्टाफला ट्रेनिंग द्यायचंय, काय काय घेऊ?

वॉर्ड_इन्चार्ज, धुळे
खासगी हॉस्पिटलात आहे. सिस्टर, मावशी, वॉर्डबॉय, काउंटरवरची मुलं, सगळ्यांचं, पेशंटशी कसं बोलायचं याचं ट्रेनिंग घ्या म्हणे, तेही एका दुपारात, चहासकट! आमच्याकडे तंबाखूमुळे तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट पुष्कळ. बायोप्सीचा रिपोर्ट आला की मुलगा जिन्यातच गाठतो, "सिस्टर, आबांना नुसता छाला आहे म्हणा." रात्री आबाच विचारतात, "माय, खरं सांग, मले काय व्हयनं?" नव्या पोरी सलाईन तपासायचं नाटक करून सटकतात.

जळगावकर_समाजसेवा
ताई, स्लाइड अजिबात नको. बेली, बकमन वगैरे डॉक्टरांनी २००० साली 'स्पाइक्स' ही पेशंटला वाईट बातमी सांगायची सहा पायऱ्यांची पद्धत मांडली. ती मुळात डॉक्टरांसाठी, पण दुसरी पायरी तुमच्या पोरींच्या फार कामाची: सांगण्याआधी विचारायचं. एकीला आबा करा, एकीला सिस्टर. स्टूल ओढून बसायचं आणि अहिराणीतच विचारायचं, "आबा, तुम्हले डाक्टरनी काय सांगं?" मग गप्प. ही गप्प बसायची प्रॅक्टिस सगळ्यात अवघड जाते, चार सेकंदांत कोणीतरी "काळजी करू नका" म्हणतंच. आजाराचं नाव सांगणं डॉक्टरांचं काम, पण "काही नाही झालं" असंही म्हणायचं नाही. "तुम्हाला जाणून घ्यायचंय, हे सकाळी डॉक्टरांच्या कानावर घालते" म्हणायचं, आणि खरंच घालायचं. मुलालाही झिडकारू नका, त्याला कशाची भीती वाटते ते विचारा.

रेसिडेंट_डॉक
सहमत. भर एवढीच: पेशंटला काय सांगितलं, कोणासमोर, ते केसपेपरवर लिहा. नाहीतर सकाळची शिफ्ट एक बोलते, रात्रीची दुसरंच. आणि डॉक्टर सांगत असताना एक सिस्टर तिथे हजर हवी.

शहाद्याचा_भाचा
काउंटरवाल्यांना आधी बसवा. मामीला घेऊन गेलो होतो एका ठिकाणी (नाव नको). फुले योजनेच्या कागदांसाठी रांगेत उभे, तिला अजून कोणी काहीच सांगितलेलं नव्हतं. आतून आवाज आला, "कॅन्सरवाले इकडे या!" तिनं माझ्याकडे बघितलं. नंतर डॉक्टर फार छान बोलले, पण सांगायचं काय उरलं होतं?
आणि पावरी बोलणारं कोणी स्टाफमध्ये आहे का बघा. धडगावकडच्या पेशंटसाठी नातवाला दुभाषा करतात, तो बिचारा अर्धं गिळतो.

वॉर्ड_इन्चार्ज, धुळे
पावरी बोलणारी एक मावशी आहे आमच्याकडे! तिला कधी कोणी विचारलंच नव्हतं. काउंटरवाल्यांना पहिल्या रांगेत बसवते.